आजीवर चाळीस लेख लिहून झालेत. ते कोणासाठी आणि कुठे छापू?

रानशेवंती
सलाम मंडळी.

मी राहुरी तालुक्यातली, प्राथमिक शाळेत शिकवते. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, बायबलबाई होती, म्हणजे बायांना बायबलातल्या गोष्टी सांगत फिरणारी. रोज एक वाडी अशा सात-आठ वाड्या ती पायी फिरायची. बाया जात्यावर नाहीतर खुरपणीला असायच्या. ही तिथंच बूड टेकायची, कामाला हात लावायची आणि गोष्ट सांगायची. अक्षरं गिरवून घ्यायची. गेली तीन वर्षं पहाटे साडेचारला उठून मी तिच्याबद्दल लिहितेय. चाळीस लेख झालेत, सगळे वहीत.

आता अडले आहे. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका जाणत्या माणसाला दहा लेख वाचायला दिले, तर ते म्हणाले, "गोष्टी छान आहेत, पण साक्ष कुठाय? वाचणाऱ्याला तारण कळलं पाहिजे." साक्ष म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाची उघड कबुली. तेच दहा लेख एका मासिकाला पाठवले, तर उत्तर आलं, "धार्मिक मजकूर आम्ही घेत नाही." एकाला देव कमी वाटला, दुसऱ्याला जास्त. मग मी लिहायचं तरी कोणासाठी? नवीन माणसाचं ख्रिस्ती पुस्तक कुणी छापतं का? आणि माझी भाषा चर्चची वाटते, असं धाकटी बहीण म्हणते. ते खरं असेल तर काय करायचं?

अनुभवी मंडळींनी मोकळेपणानं सांगावं.

ढोलकीवाला
पहाटे साडेचार, तीन वर्षं! ताई, आधी सलाम घ्या. मी नाताळची गाणी लिहितो आणि माझं गाणं २३ डिसेंबरच्या रात्री पुरं होतं. कोरसवाले तोवर दाराशी उभे असतात.

मोगरी
शेवंती, तुझा "कोणासाठी लिहू" हा प्रश्न आपल्याकडे चारशे वर्षांचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्याला आले आणि १६१६ मध्ये रायतूरला त्यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या. परक्या देशातला माणूस, पण त्यानं विचार केला तो ऐकणाऱ्याचा. इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय आहे, ओवी कानात बसलेली आहे, मग ख्रिस्ताची कथा ओवीतच सांगायची. छपाईसाठी देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमी लिपीत छापलं, पण कान मराठीच ठेवला. फुलांत मोगरी तशी भाषांत मराठी, असं त्यांनी म्हटलंय. माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय.

तू तर जन्मानंच या भाषेतली आहेस. तुला कान शोधायला सातासमुद्रापलीकडून यायचं नाहीये.

निवृत्त पाळक
प्रिय भगिनी, सलाम.

मी पस्तीस वर्षं मंडळ्यांत पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणून सेवा केली. त्या जाणत्या बंधूंचं म्हणणं झटकून टाकू नका. ख्रिस्ती लेखक आणि ख्रिस्ती घरात जन्मलेला लेखक यांत फरक आहे. तुमच्या आजी वाड्यावस्त्यांवर गोष्टींपुरत्या जात नव्हत्या. त्या कशासाठी जात होत्या हे लेखात आलं नाही, तर तो आजींवरच अन्याय होईल.

वसईकर
काका, मान राखून थोडं वेगळं बोलतो. साक्ष द्यायची की नाही हा प्रश्नच नाही, ती कशी द्यायची हा आहे. बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या, वाटणी उडवून घरी परतणाऱ्या पोराची. प्रभूनं कुठंही थांबून "यावरून आपल्याला असं कळतं की" असं म्हटलेलं नाही. पोरगा डुकरं राखतो आणि त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा खाव्याशा वाटतात, एवढं सांगितलंय. त्या शेंगांतच सगळं आलं. बाप लांबून बघतो आणि धावत सुटतो. गोष्ट संपते तेव्हा थोरला भाऊ अजून अंगणातच उभा आहे, आत आला की नाही तेही सांगितलेलं नाही.

सावली
मी ख्रिस्ती नाही, या विभागात नेहमी वाचते फक्त. शेवंतीताई, ते मासिक नाही म्हणालं म्हणून "आमच्यासारखे वाचक नाहीत" असं धरून चालू नका. मी लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे सहा-सात वेळा वाचली असतील. पहिला भाग १९३४ चा. बाईंना धड शाळा नाही, नवरा बाप्तिस्मा घेऊन बसलेला, माहेरचे-सासरचे रडतायत, आणि ही बाई ते सगळं स्वयंपाकघरात पाटावर बसून सांगितल्यासारखं सांगते. वाचून मी ख्रिस्ती झाले नाही, पण त्यांच्या देवाशी माझी चांगली ओळख झाली.

जुळारी
चाळीस वर्षं छापखान्यात काढली. आधी खिळे जुळवले, मग डीटीपी. मंडळींचे वार्षिक अहवाल, गीतांची पुस्तकं, पाळकांची प्रवचनं असं पुष्कळ हाताखालून गेलं. बहीण म्हणते ती चर्चची भाषा म्हणजे काय, ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पहिल्या लेखातली पहिली तीन-चार वाक्यं इथं टाका. जशी आहेत तशी, सुधारू नका.

रानशेवंती
टाकते. हात थरथरतोय जरा.

"प्रभूने माझ्या आजीच्या हृदयावर वाड्यावस्त्यांवरील हरवलेल्या आत्म्यांसाठी मोठे ओझे ठेवले होते. ती एक प्रार्थनाशील व आशीर्वादित स्त्री होती. देवाने तिला अनेक स्त्रियांच्या जीवनात सामर्थ्याने वापरले."

जुळारी
टाकलंत, फार बरं केलंत.

आता मी विचारतो. आजीच्या पायात काय होतं? हातात, खांद्यावर काय होतं? घरातून किती वाजता निघायच्या? वाडीत शिरल्यावर पहिलं तोंडातून काय निघायचं?

रानशेवंती
पायात टायरच्या चपला. खांद्याला कापडी झोळी. झोळीत मत्तयाचं शुभवर्तमान, सुटं छापलेलं, पातळ. एक दगडी पाटी, पेन्सिलीचे तुकडे, भाकरी आणि लसणाची चटणी. दिवस उगवायच्या आत निघायची. वाडीत शिरली की म्हणायची, "आहे का गं कुणी, की सगळ्या मळ्यात गेल्या?" जात्याची घरघर असेल तिकडं जायची, समोर बसायची, खुंट्याला हात घालायची आणि दळता दळता स्वतःच जुळवलेली ओवी म्हणायची:

पहिली माझी ओवी गं, गव्हाणीतल्या बाळाला
मेंढरं सोडून रानी, धनगर आले भेटीला

सावली
अगं, हे कुठं होतं इतका वेळ!

वसईकर
अंगावर काटा आला. आता ती वरची तीन वाक्यं परत वाचा.

जुळारी
हेच म्हणायचं होतं. वरच्या तीन वाक्यांत आजी कुठंच नव्हत्या. ती वाक्यं कुठल्याही बायबलबाईला, कुठल्याही पाळकाला, कुठल्याही अहवालात लावता येतील, आणि मी ती लावलेली पाहिली आहेत. खालच्या उत्तरात तुम्ही विचार न करता लिहिलंत आणि आजी चालत आल्या. पहिला लेख त्या ओवीपासून किंवा "आहे का गं कुणी"पासून सुरू करा. ओझे, आशीर्वादित, वापरले हे शब्द इंग्रजी प्रवचनांच्या भाषांतरातून आपल्याकडे आले. मराठीत माणसाला वापरत नाहीत हो. भांडं वापरतात.

निवृत्त पाळक
जुळारी भाऊ, भांड्याचं म्हणाल तर पौलालाही प्रभूनं निवडलेलं पात्रच म्हटलं आहे. थोडं हसून घेतो आणि गंभीर होतो.

"ओझे" शब्दाची बाजू मला घ्यावीशी वाटते. तो भाषांतरातून आला असेल. पण माझी आई निरक्षर होती आणि रात्री रॉकेलच्या दिव्यापाशी गुडघे टेकून म्हणायची, "प्रभू, या पोराचं वझं तुझ्यावर." तिनं इंग्रजी प्रवचन जन्मात ऐकलं नव्हतं. शब्द बाहेरून येतो, शे-दीडशे वर्षं लोकांच्या तोंडात राहतो आणि मग तो त्यांचाच होतो. सगळी चर्चची भाषा खोटी नाही. ती आमच्या आयाबायांची भाषा आहे.

जुळारी
काका, इथं मी हरलो आणि आनंदानं हरलो. "या पोराचं वझं तुझ्यावर" हे मी कधी खोडणार नाही. पण बघा, तुमच्या आईच्या तोंडी तो शब्द आला तेव्हा त्याच्याबरोबर पोरगं आलं, दिवा आला, गुडघे आले. शेवंतीताईंच्या वाक्यात नुसताच शब्द होता.

केडगावची नात
भाषेचा विषय निघाला म्हणून पंडिता रमाबाईंचं आठवतं. संस्कृतात पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या मिळालेल्या बाई. मनात आणलं असतं तर बायबल असं मराठीत आणलं असतं की शास्त्र्यांनी माना डोलावल्या असत्या. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षं खपून भाषांतर केलं, आणि डोळ्यांपुढे ठेवल्या त्या केडगावच्या मुक्ती मिशन या त्यांच्या आश्रमातल्या नुकत्या वाचायला शिकलेल्या बाया. छपाईलाही तिथल्याच मुली-बाया. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि पुरं बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

म्हणून "कोणासाठी" या प्रश्नाला माझं उत्तर असं: एक माणूस डोळ्यांपुढे धर. आजीच्या वाडीतली एखादी बाई, जी आज असती तर.

ढोलकीवाला
विषयांतर करतो, पण ओवीवरून राहवत नाही. आमच्याकडे नाताळात म्हातारी माणसं ना. वा. टिळकांची भजनं ढोलकी-टाळावर म्हणतात आणि तरुण पोरं कीबोर्डवर हिंदी गाणी. मागल्या वर्षी दोघांचं वाजलं. शेवटी ठरलं, एक त्यांचं एक आमचं. रात्री दोन वाजता एका वस्तीवर वीज गेली, कीबोर्ड बंद. मग सगळ्यांनी मिळून टाळ्यांवर टिळकांचं भजन म्हटलं. पोरांना सगळी कडवी पाठ होती! कधी पाठ झाली त्यांनाच ठाऊक नव्हतं.

मोगरी
लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी फार मोठं काम करून ठेवलं. उपासना संगीत या चर्चच्या गीतपुस्तकात त्यांची शंभराहून जास्त गीतं आहेत. वर कीर्तनं लिहिली, केली. बालकवी नगरला त्यांच्या घरी राहत, तेव्हा निसर्गकविता आणि भजन एकाच घरात चालायचं. ख्रिस्तायन हे ख्रिस्तावरचं महाकाव्य मात्र अपुरं राहिलं. १९१९ मध्ये ते गेले आणि पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्यानं अक्षर ओळखायला लावलं, तिनं त्याचं महाकाव्य पुरं केलं. लिहायचा धीर सुटला की मी एवढं एकच आठवते.

नगरी
भाषा झाली, आता छपाईचं बोलू. ताईंनी तेही विचारलंय.

माझं एक चरित्र आहे, पाच वर्षांपूर्वी काढलं. एका प्रकाशकानं "ख्रिस्ती पुस्तकाला ग्राहक नसतो, निम्मा खर्च तुम्ही द्या" म्हणून पैसे घेतले. लेखी काही नव्हतं. तीनशे प्रती कबूल केल्या, दीडशे हातात पडल्या, मुद्रितं, म्हणजे तपासायची प्रुफं, दाखवलीच नाहीत. पहिल्याच पानावर माझ्या वडिलांचं नाव चुकीचं छापलं गेलं. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, नावावरून बोट फिरवलं आणि काही बोलले नाहीत. पैशाचं दुःख विरून गेलं, हे राहिलं.

म्हणून हात जोडून सांगतो: करार लेखी हवा. किती प्रती, कागद कोणता, शेवटचं मुद्रित तुम्ही सही केल्याशिवाय छापायचं नाही, आणि हक्क तुमच्याकडे. यातलं एक जरी नसलं तरी पैसे देऊ नका.

जुळारी
नगरी भाऊ, वाचून वाईट वाटलं. मुद्रित न दाखवता छापणं हे आमच्या धंद्यात पापच.

ताई, मी भर घालतो. वहीतलं टाइप करून घ्याल तेव्हा युनिकोडमध्येच करा. पुष्कळ छापखान्यांत अजून श्रीलिपीसारखे जुने फाँट चालतात. युनिकोडवरून तिकडं नेताना जोडाक्षरं आणि रफार मोडतात. "ख्रिस्त" आणि "प्रार्थना" हे दोन शब्द तुमच्या पुस्तकात पानोपानी असणार आणि नेमके तेच फुटतात. मुद्रित वाचताना आधी हे दोन शोधा.

डेमी आकाराचं पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यावर, म्हणजे एकत्र छापायच्या मोठ्या कागदावर, छापतात. म्हणून पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवा. ११५ पानं झाली तर पुढच्या फर्म्याचा खर्च तीन पानांसाठी पडतो. तीन पानं कापून ११२ वर आणा, सात फर्मे चोख. त्या तीन पानांत बहुतेक वेळा कापण्याजोगंच असतं.

केडगावची नात
आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, विनामूल्य मिळतो, स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकालासुद्धा. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. छापून झालं की कायद्यानं काही ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, त्यात मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. लोक कंटाळा करतात. पण विचार करा, राहुरीच्या बायबलबाईचं पुस्तक एशियाटिकच्या कपाटात!

आणि पवित्र शास्त्रातले लांब उतारे घ्यायचे असतील तर कुठल्या भाषांतरातले ते बघा. बायबल सोसायटीच्या चालू भाषांतरांवर हक्क राखीव असतो, पत्र लिहून परवानगी घ्यावी. टिळकांची गीतं घेतलीत तर हरकत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो.

सावली
महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. जाहिरात निघते त्यावर लक्ष ठेवा. आणि एकेक लेख दिवाळी अंकांना पाठवा, मे-जूनमध्येच. एका मासिकाचा नकार म्हणजे साऱ्या मराठीचा नकार नव्हे.

निवृत्त पाळक
आपल्या घरच्या नियतकालिकांनाही विसरू नका. ज्ञानोदय १८४२ मध्ये नगरला सुरू झाला. कॅथलिक बांधवांचा निरोप्या १९०३ चा. वसईची सुवार्ता आहे. नवीन हाताला पहिली जागा पुष्कळदा अशाच ठिकाणी मिळते.

वसईकर
सुवार्तेचं नाव निघालं म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबद्दल बोलतो. अनेक वर्षं ते संपादक होते. आमच्या गावातली केळी-भाजीवाली माणसं सुवार्ता वाचायची आणि लिहायचीही, कारण फादर म्हणायचे लिहा. त्यांच्या सुबोध बायबलला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तब्येत बरी नव्हती, तरी गेले. २०२४ मध्ये ते वारले तेव्हा आमच्या गल्लीत ख्रिस्ती-हिंदू सगळेच रडले. पाणी, झाडं, वसईची जमीन यांसाठी रस्त्यावर उतरलेला माणूस होता तो. ख्रिस्ती लेखकानं फक्त चर्चबद्दल लिहायचं असतं हे त्यांनी कधी मानलं नाही. विहिरीबद्दल लिहिलं तरी ते ख्रिस्ती लेखनच.

रानशेवंती
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस शाळेत परीक्षा होत्या, म्हणून उशीर.

आणखी एक गोष्ट आहे, जी आधी लिहायला धजले नाही. चाळिसातला सातवा लेख आजीच्या माहेरचा आहे. माहेर महारवाड्यातलं. पाणवठ्यावर तिला लांब उभं राहावं लागायचं, हंड्यात वरून पाणी ओतायचे. आणि बाप्तिस्म्यानंतरसुद्धा काही जुन्या ख्रिस्ती घरांत तिला कपबशी वेगळी असायची. हे तिनंच मला सांगितलं, भांडी घासता घासता, सहज. तो लेख काढून टाक असा सल्ला मला मिळालाय. "बाहेरच्यांना आपली उणी कशाला दाखवायची?" म्हणून.

नगरी
काढू नका.

मेलबर्नकर
काढू नका. माझ्या आजोबांनी आम्हाला हे कधीच सांगितलं नाही. ते गेल्यावर कळलं. इकडे माझी मुलं विचारतात आपण कोण, आणि माझ्याकडे अर्धीच गोष्ट आहे.

निवृत्त पाळक
भगिनी, मी इतका वेळ साक्षीबद्दल बोलत होतो. ही साक्ष आहे. ती वेगळी कपबशी मीही पाहिली आहे, पाळकाच्या घरात पाहिली आहे, आणि तेव्हा गप्प बसलो. सरकारदरबारीही आपल्या लोकांची गत तीच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्याची अनुसूचित जात कागदावरून गेली, पाणवठ्यावरून गेली नाही. कपबशीही गेली नाही. तो लेख राहू द्या. प्रस्तावना कुणी लिहायला तयार नसेल तर मी लिहीन.

रानशेवंती
काका, डोळे भरून आले. प्रस्तावना तुम्हीच लिहा.

केडगावची नात
एवढंच सांगेन की छापायच्या आधी घरातल्या जिवंत माणसांना वाचून दाखव, सातवा लेख तर नक्कीच. परवानगी म्हणून नव्हे, त्यांचाही तो हक्क आहे म्हणून. आणि ज्यांच्या घरची कपबशी, त्यांची नावं घालू नकोस. नातवंडं आज तुझ्याच मंडळीत बसत असतील.

सावली
परत मूळ प्रश्नावर येते, कारण धाग्याचं नाव "कोणासाठी" असं आहे. मला वाचक म्हणून काय हवंय ते सांगू? "शुभवर्तमान", "प्रभुभोजन" हे शब्द आले की थांबून अर्थ सांगू नका. शिवणात दोरा जातो तसे जाऊ द्या. ताटात काय वाढलंय ते दिसलं की मला भाजीचं नाव कळतंच. मला परकी समजून समजावलंत की मी परकी होते.

मोगरी
हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, शेवंती.

ढोलकीवाला
पुस्तक झालं की विक्रीचं माझ्याकडे. हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, यात्रेला सप्टेंबरात टेबल लावू. गर्दी इतकी असते की उभं राहायला जागा नाही. पुस्तकाशेजारी मी ढोलकी घेऊन बसतो आणि आजीची ओवी म्हणतो. पुढच्या ओव्या द्या फक्त, चाल बसवायला घेतलीय.

वसईकर
नाताळच्या आधीचे चार रविवारही सोडू नका. उपासना सुटल्यावर दाराशी. आमच्याकडे लोक त्या दिवसांत पुस्तक विकत घेऊन भेट देतात, नुसता केक नाही. आणि किंडलवर मराठी ई-बुक स्वतःच टाकता येतं, मेलबर्नकरांसारख्यांसाठी.

मेलबर्नकर
माझ्या नावावर दहा छापील प्रती लिहून ठेवा. टपालखर्च माझा. मुलांना हातात धरून वाचायचंय.

रानशेवंती
काल रविवारी आत्याकडे गेले होते. आजीची एवढी एकच लेक राहिलीय, ब्याऐंशी वर्षांची. पहिला लेख नव्यानं लिहिला होता, जात्यापासून सुरू केलेला, ओवीसकट. सातवाही नेला होता.

सातवा वाचून झाल्यावर आत्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "कपबशी नव्हे गं, नुसती बशी. कप द्यायचेच नाहीत. बशीत ओतायचे." मी ते तिथंच पेन्सिलीनं सुधारलं.

मग पहिला लेख वाचला. झोळीपाशी आले तर तिनं हात वर केला. "झोळी कुठली? डबा होता. डालड्याचा, कडीचा. पावसात पुस्तक भिजू नये म्हणून." मी म्हटलं मला झोळीच आठवते. तर म्हणाली, "ती नंतर, म्हातारपणी. तू पाहिली ती. फिरायची तेव्हा डबाच. आणि येताना त्यात बाया मूठमूठ बाजरी घालायच्या. पुस्तक बाजरीतच बुडालेलं असायचं. घरी आली की आम्ही पोरं आधी पुस्तक झटकायचो, मग बाजरी सुपात."

म्हणजे पहिला लेख परत. उद्या साडेचारचा गजर लावलाय. ढोलकीवाले दादा, पुढच्या ओव्या आत्याला चार येतात, फोनवर म्हणून घेतल्यात. रात्री पाठवते.